गोळी लहान, वेग मोठा : हेगच्या कायद्याला जे मोजता आले नाही

१/
वाचकहो, आजचा थ्रेड तीन गोळ्यांचा आहे. पहिली मार्टिनी-हेन्री रायफलची. ही रायफल ब्रिटिश लष्कराने १८७१ मध्ये स्वीकारली. गोळीचे वजन ३१ ग्रॅम, नळीतून निघतानाचा वेग सेकंदाला सुमारे ४१० मीटर. दुसरी ली-मेटफर्डची .३०३ गोळी. वजन १४ ग्रॅम, वेग सुमारे ६०० मीटर. तिसरी अमेरिकेत १९३५ मध्ये बाजारात आलेली .२२० स्विफ्ट. वजन जेमतेम ३ ग्रॅम, वेग सुमारे १,२५० मीटर.

आता वजनाला वेगाच्या वर्गाने गुणा आणि दोनने भागा. तिन्ही गोळ्यांची ऊर्जा अडीच हजार ज्यूलच्या आसपास येते.

२/
ऊर्जा जवळजवळ सारखी आहे, परंतु परिणाम मुळीच सारखे नाहीत. मार्टिनीची मऊ शिशाची गोळी हाडावर आपटून पसरे आणि मोठी जखम करी. ली-मेटफर्डची कवचधारी गोळी पुष्कळदा सुईसारखी आरपार निघून जाई. स्विफ्टची इवलीशी गोळी लक्ष्यात काही सेंटीमीटर शिरते न शिरते तोच तिच्या ठिकऱ्या उडतात. म्हणजे गोळी काय करील, हे तिच्या आकारावरून ठरत नाही, वजनावरून ठरत नाही आणि नुसत्या ऊर्जेवरूनही ठरत नाही.

३/
माझे म्हणणे आरंभीच सांगते. गोळीचा परिणाम तिची बांधणी आणि लक्ष्याला लागतानाचा तिचा वेग यांच्या मेळातून ठरतो. १८९९ मध्ये हेग येथे जगाने ‘क्रूर’ गोळीची व्याख्या केली, तेव्हा बांधणी तेवढी लिहिली गेली आणि वेग वगळला गेला. त्या एका वगळण्याचे परिणाम आपण अजून भोगत आहोत, आणि इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपणही तीच चूक करत आहोत.

४/
या निष्कर्षापर्यंत मी आडवाटेने आले. पदव्युत्तर अभ्यासासाठी वायव्य सरहद्दीवरील मोहिमा वाचत असताना ‘दमदम’ गोळीच्या वादात अडकले. ब्रिटिश म्हणत, ही गोळी आवश्यक आहे. जर्मन म्हणत, ती अमानुष आहे. दोघांचीही साक्ष शल्यविशारदांची! कोण खरे बोलत होते, याचे उत्तर मला युद्धाच्या ग्रंथांत सापडले नाही. ते सापडले अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या लहान व्यासाच्या शिकारी गोळ्यांत. म्हणून आधी तिकडे जाऊ.

५/
अमेरिकी इंग्रजीत ‘व्हार्मिंट’ म्हणजे शेताला उपद्रव देणारा प्राणी. पूर्वेकडील कुरणांत खारीच्या कुळातील, मांजराएवढा ग्राउंडहॉग बिळे खणतो. पश्चिमेकडील माळांवर प्रेअरी डॉगच्या वसाहती असतात. कोल्ह्यासारखा कायोटी जनावरांची पिल्ले पळवतो. हे लक्ष्य लहान, सावध आणि लांब असते. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकू नये, यासाठी गोळी शक्य तितक्या सरळ रेषेत जावी लागते. आणि सरळ जायचे तर ती वेगवान असावी लागते. वेग हवा तर वजन कमी हवे. या साध्या गरजेतून .२२ इंच, म्हणजे सुमारे ५.६ मिलिमीटर व्यासाच्या गोळ्यांचे एक वेगळे घराणेच उदयाला आले.

६/
दुसरी गरज शेजारधर्माची. आजूबाजूला गोठे, घरे, रस्ते. गोळी दगडावर किंवा कडक जमिनीवर आपटून भलतीकडे उडाली तर अनर्थ. म्हणून ही गोळी कशावरही आपटताच फुटून जावी, अशीच तिची रचना केली जाते. आत मऊ शिशाचा गाभा, त्याभोवती तांब्याच्या मिश्रधातूचे अतिशय पातळ आवरण, आणि टोकाशी शिसे उघडे किंवा एक पोकळी. लक्ष्यात शिरताच टोकावर दाब येतो, आवरण फाटते, गाभा विखुरतो. मात्र हे सारे घडायला पुरेसा वेग लागतो. तो किती, हीच खरी मेख.

७/
.२२ हॉर्नेट घ्या. १८८० च्या दशकातील एका जुन्या काळ्या दारूच्या काडतुसावर १९२० च्या दशकात स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारातील हौशी अधिकाऱ्यांनी प्रयोग केले आणि १९३० मध्ये विंचेस्टर कंपनीने ते काडतूस बाजारात आणले. गोळी २.९ ग्रॅमची, पुढे स्थिरावलेला वेग सेकंदाला सुमारे ८२० मीटर. जवळच्या अंतरावर ही गोळी चोख काम करते. पण हलकी गोळी हवेत लवकर थकते. २०० यार्डांवर तिचा वेग सुमारे ४६० मीटरवर येतो, म्हणजे आरंभीच्या वेगाच्या निम्म्याहून थोडाच अधिक. ऊर्जा तर एक तृतीयांशाच्याही खाली उतरते. म्हणून हॉर्नेटच्या गोळीचे आवरण फार पातळ ठेवावे लागते. तसे केले नाही तर लांबवर ती उमलणारच नाही.

८/
पाच वर्षांनी स्विफ्ट आली. गोळी जवळपास तेवढ्याच वजनाची, पण वेग सेकंदाला ४,११० फूट, म्हणजे १,२५० मीटर. ४,००० फुटांचा टप्पा ओलांडणारे हे कारखान्यात बनलेले पहिले काडतूस. वेग दीडपट झाला आणि ऊर्जा अडीचपट, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. आता हॉर्नेटसाठी घडवलेली पातळ आवरणाची गोळी स्विफ्टमधून झाडली तर काय होईल?

९/
ती लक्ष्यापर्यंत शाबूत पोहोचेलच, याची खात्री नाही. रायफलच्या नळीत आतून वळणदार खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात आणि फिरकीमुळे गोळी हवेत स्थिर राहते. हॉर्नेटच्या नळीत गोळी १६ इंचांत एक फेरा घेते. ८२० मीटर वेगाला मिनिटाला सुमारे १ लाख २० हजार फेरे होतात. स्विफ्टमध्ये १४ इंचांत एक फेरा. १,२५० मीटर वेगाला मिनिटाला २ लाखांहून अधिक. एवढ्या गरगरण्याने नाजूक आवरण हवेतच फाटू शकते. आणि फाटले नाही तरी गोळी लक्ष्याच्या पृष्ठभागावरच फुटते, आत शिरतच नाही. म्हणून स्विफ्टसाठी अधिक मजबूत आवरणाच्या गोळ्या घडवाव्या लागल्या.

१०/
या शेतशिकारी गोळ्यांचा धडा असा : प्रत्येक गोळीची वेगाची एक खिडकी असते. वेग खिडकीच्या खाली गेला, तर गोळी न उमलता सरळ भोक पाडून निघून जाते. वेग खिडकीत असेल, तर ती ठरल्याप्रमाणे फुटते. खिडकीच्या वर गेला, तर ती अकाली फुटते. एकच गोळी ५० मीटरवर स्फोटक वाटेल आणि ३०० मीटरवर निरुपद्रवी भासेल. गोळी तीच असते. केवळ मधल्या हवेने तिचा वेग खाल्लेला असतो.

आता ही खिडकी हाती घेऊन एकोणिसाव्या शतकात जाऊ.

११/
१८८६ मध्ये फ्रान्सने लेबेल रायफल स्वीकारली आणि तिच्यासोबत पॉल व्हिएयची धूरविरहित दारू रणांगणावर आली. वेग एकाएकी वाढला. त्या वेगाला उघडे शिसे नळीच्या खाचांत खरवडून अडकू लागले असते; त्यावर स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी धातूच्या कवचाचा मार्ग आधीच दाखवला होता. म्हणजे गोळीचे कवच हे दयाबुद्धीतून जन्मले नाही, ते नळी स्वच्छ ठेवण्यासाठी आले. परंतु लहान व्यासाची, कवचधारी गोळी शरीरातून स्वच्छ निघून जाते असे दिसू लागले आणि तिला ‘मानवतावादी गोळी’ म्हणण्याची टूम युरोपात निघाली.

१२/
बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांना हे इतके सोपे वाटले नव्हते. (पुढे १९०९ मध्ये थायरॉइड ग्रंथीवरील कार्यासाठी त्यांना नोबेल मिळाले.) त्यांनी पाण्याने भरलेल्या आणि रिकाम्या डब्यांवर गोळ्या झाडून पाहिल्या. रिकाम्या डब्याला दोन भोके पडत; पाण्याने भरलेला डबा वेगवान गोळीने फुटून जाई. शरीरातील द्रवयुक्त अवयवांचे काय होत असेल, याचा तो इशारा होता. म्हणजे वेगाचा प्रश्न हेगच्या आधीच, छापील स्वरूपात, युरोपच्या टेबलावर होता.

१३/
इकडे सरहद्दीवर १८९५ मध्ये चित्रालचा वेढा उठवण्यासाठी मोहीम निघाली. ब्रिटिश पलटणींच्या हाती नवी ली-मेटफर्ड होती. हिंदी पलटणींकडे मात्र जुनी मार्टिनी-हेन्रीच; दोन वर्षांनी, १२ सप्टेंबर १८९७ रोजी, सारागढीच्या २१ शिखांनी जी झाडली तीच. मोहिमेनंतर तक्रार आली : नवी गोळी आरपार जाते, पण धावत येणारा पठाण थांबत नाही.

१४/
खिडकीतून पाहिले तर या तक्रारीत नवल काहीच नाही. पूर्ण कवचाची, बोथट टोकाची, १४ ग्रॅमची लांबट गोळी ६०० मीटर वेगाने निघते आणि काही शे मीटरवर त्याहून पुष्कळच हळू होते. त्या वेगाला तिचे कवच फाटण्याचे कारण नाही. गोळी खिडकीच्या खूप खाली होती. उपाय दोनच : वेग वाढवा किंवा कवच दुबळे करा. त्या काळाच्या दारूने वेग फारसा वाढवता येत नव्हता. म्हणून कलकत्त्याजवळील दमदमच्या शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी टोकाशी कवच काढून शिसे किंचित उघडे ठेवले. हीच ती ‘दमदम’ गोळी. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ती आफ्रिदींवर झाडली गेली.

१५/
बर्टी-क्ले यांनी जे केले, ते तत्त्वतः हॉर्नेटच्या गोळीचेच होते. वेग कमी आहे, तर आवरण हलके करा. फरक एवढाच की एकीकडे लक्ष्य कुरणातला ग्राउंडहॉग होता आणि दुसरीकडे स्वतःच्या डोंगरात लढणारा माणूस. हे वाक्य लिहिताना मला बरे वाटत नाही. पण ते खरे आहे.

१६/
मग जर्मनीने आवाज उठवला. ट्यूबिंगेनचे शल्यविशारद पॉल फॉन ब्रुन्स यांनी प्रयोग केले आणि उघड्या टोकाच्या गोळीने होणाऱ्या भीषण जखमा जगासमोर मांडल्या. परंतु त्यांनी झाडलेली गोळी दमदमची नव्हतीच. ती मावझर रायफलची शिकारी गोळी होती. तिचे शिसे दमदमच्या तुलनेत कितीतरी अधिक उघडे होते, आणि ती जवळून झाडलेली होती. म्हणजे बांधणी वेगळी, लागतानाचा वेगही वेगळा. निष्कर्ष मात्र दमदमवर लादला गेला. ब्रिटिशांनी यावर आक्षेप घेतला आणि तो शास्त्रीयदृष्ट्या योग्य होता.

१७/
पण ब्रिटिशांची स्वतःची बाजू काय होती? १८९९ च्या हेग परिषदेत सर जॉन आर्डा यांनी जो युक्तिवाद मांडला, त्याचा आशय असा : सुसंस्कृत सैनिकाला गोळी लागली की तो मागे फिरतो, इस्पितळाची वाट धरतो, रानटी माणूस मात्र आरपार गोळ्या लागूनही चाल करून येतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी.

गोळी खिडकीच्या खाली होती, हे भौतिकशास्त्र. त्याचे खापर आर्डा यांनी पठाणाच्या वंशावर फोडले.

१८/
त्याचे खंडन अवघ्या काही महिन्यांत झाले, आणि तेही ब्रिटिश रक्ताने. ऑक्टोबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत युद्ध पेटले. बोअरांच्या ७ मिलिमीटर मावझरच्या पूर्ण कवचाच्या गोळ्या ब्रिटिश सैनिकांना लागू लागल्या. तिथे शल्यविशारद म्हणून गेलेले जी. एच. मेकिन्स आणि त्यांचे सहकारी यांनी नोंदवले, की या जखमा कित्येकदा आश्चर्य वाटावे इतक्या स्वच्छ असतात आणि लवकर भरून येतात. गोऱ्या कातडीतूनही गोळी तशीच आरपार जात होती. रानटीपणाचा यात काय संबंध?

१९/
हेगच्या घोषणेकडे वळू. २९ जुलै १८९९ रोजी स्वीकारलेल्या मसुद्यात मानवी शरीरात सहज पसरणाऱ्या वा चपट्या होणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली गेली, आणि उदाहरणादाखल गाभ्याला पूर्ण न झाकणारे किंवा चिरा दिलेले कवच सांगितले गेले. अमेरिकेचे प्रतिनिधी कॅप्टन विल्यम क्रोझियर यांनी वेगळी मांडणी सुचवली होती : बांधणी सांगू नका, माणसाला लढाईबाहेर काढण्यास जेवढे आवश्यक त्यापलीकडे जाणारी निरर्थक क्रूर जखम करणारी कोणतीही गोळी निषिद्ध ठरवा. ती सूचना मान्य झाली नाही. ब्रिटन आणि अमेरिका घोषणेच्या बाहेर राहिले. ब्रिटन १९०७ मध्ये सामील झाले.

२०/
सामील होऊन तीन वर्षे होतात न होतात तोच, १९१० मध्ये, ब्रिटनने .३०३ ची मार्क ७ गोळी स्वीकारली. ती टोकदार आणि हलकी होती, वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर, आणि शिसे पूर्ण कवचात झाकलेले. मात्र टोकाच्या आत शिशाऐवजी ॲल्युमिनियम होते. त्यामुळे वजन मागे सरकले आणि गोळी शरीरात शिरल्यावर लवकर आडवी होऊ लागली. कवच अभंग, कायदा अभंग, जखम मोठी. नियमात बांधणी लिहिली की बांधणी करणारे नियमाभोवती वाट काढतात, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

२१/
आता आपले दोन्ही प्रवाह एकत्र येतात. १९५० मध्ये रेमिंग्टन कंपनीच्या माइक वॉकर यांनी .२२२ रेमिंग्टन हे काडतूस काढले. हॉर्नेटहून वेगवान, स्विफ्टहून सौम्य, शेतशिकाऱ्यांचे लाडके. १९५७ च्या सुमारास अमेरिकी लष्कराने .२२ व्यासाच्या हलक्या रायफलची मागणी केली. अट होती, ५०० यार्डांवरून पोलादी शिरस्त्राण भेदले पाहिजे. यूजीन स्टोनर यांच्या एआर-१५ साठी .२२२ चेच काडतूस थोडे लांबवले गेले. तेच .२२३ रेमिंग्टन, लष्करी नाव ५.५६ मिलिमीटर, आणि रायफल पुढे एम-१६. ग्राउंडहॉगच्या काडतुसाचा वारस व्हिएतनामच्या जंगलात उतरला.

२२/
कायद्याच्या दृष्टीने ही गोळी निर्दोष होती. ३.६ ग्रॅम, पूर्ण कवच, टोक बंद. वेग मात्र ९९० मीटर. व्हिएतनाममधून भयानक जखमांची वृत्ते येऊ लागली. त्यामागची यंत्रणा पुढे अमेरिकी लष्करी शल्यविशारद मार्टिन फॅक्लर यांनी जिलेटिनच्या ठोकळ्यांवर प्रयोग करून उलगडली. गोळी सुमारे १२ सेंटीमीटर सरळ जाते, मग आडवी होते. त्या क्षणी वेग पुरेसा असेल तर ताण असह्य होऊन ती मधल्या खाचेशी मोडते आणि तुकडे इतस्ततः जातात. ‘पुरेसा वेग’ म्हणजे किती? सेकंदाला सुमारे ८२० मीटर. पूर्ण लांबीच्या नळीतून निघालेल्या गोळीत तो साधारण दीडशे-दोनशे मीटरपर्यंतच टिकतो.

२३/
८२० हा आकडा ओळखीचा वाटला? हॉर्नेटच्या नळीतून निघतानाचा वेग तोच. त्याच वेगाला हॉर्नेटची पातळ आवरणाची गोळी आपल्या खिडकीच्या वरच्या टोकाला असते आणि एम-१६ ची कवचधारी गोळी आपल्या खिडकीच्या अगदी उंबरठ्यावर. म्हणून ‘वेग जास्त म्हणजे जखम जास्त’ हेही अर्धसत्यच. फॅक्लर स्वतः या वेगपूजेवर कठोर टीका करत. एकोणिसाव्या शतकातील संथ, जाड शिशाची गोळीही आधुनिक वेगवान गोळीइतकीच मोठी जखम करू शकते, हे त्यांनी दाखवून दिले होते. वेग आणि बांधणी यांना वेगळे काढले की दोन्ही बाजूंनी फसगत होते.

२४/
वर्तुळ पूर्ण झाले ते अफगाणिस्तानात. २००१ नंतर अमेरिकी सैनिकांच्या हाती आखूड नळीची एम-४ होती. पूर्वीची नळी २० इंचांची, ही साडेचौदा इंचांची. नळी आखूड म्हणजे वेग कमी. वेग कमी म्हणजे खिडकी जवळच संपते. शिवाय आता पोलादी टोकाची नवी गोळी होती. आणि तक्रार आली : गोळी आरपार जाते, शत्रू थांबत नाही. चित्रालनंतर शंभर वर्षांनी, त्याच पर्वतराजीच्या शेजारी, तेच वाक्य! या वेळी त्याला ‘रानटी’ मानसशास्त्राची जोड देण्याची गरज कोणाला वाटली नाही. अभियंते कामाला लागले आणि २०१० मध्ये नवी गोळी आली. आर्डा यांचा युक्तिवाद किती अनावश्यक होता, हे इथे कळते.

२५/
यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ‘वेग कायद्यात कसा लिहिणार? तो अंतरागणिक बदलतो. उघडे टोक मात्र कोणीही गोळी हातात घेऊन पाहू शकतो.’ मान्य. हेगच्या घोषणेची ताकद याच साधेपणात आहे. कैद्याच्या पट्ट्यातील काडतूस पाहून उल्लंघन ओळखता येते. १९७० च्या दशकात स्वीडनसारख्या देशांनी लहान व्यासाच्या वेगवान गोळ्यांवर मर्यादा आणण्याचा प्रयत्न केला. अखेर १९७९ मध्ये जिनिव्हाच्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत, अशी शस्त्रे विकसित करताना अत्यंत काळजी घ्यावी, असे आवाहन करणारा ठराव तेवढा झाला; १९८० च्या करारात बंधन आले नाही. चाचणी कशी करावी यावरच एकमत नव्हते.

२६/
म्हणून हेगची घोषणा फेकून द्या, असे मी म्हणत नाही. ती अपुरी आहे, एवढेच माझे म्हणणे. क्रोझियर यांनी परिणामाकडे बोट दाखवले होते आणि परिषदेने बांधणीकडे पाहिले. खरे तर दोन्ही हवे होते. तपासता येईल असा बांधणीचा नियम, आणि त्यावर देखरेख ठेवणारी परिणामाची कसोटी. पण त्या दालनात कोणालाच निर्मळ उत्तर नको होते. एका पक्षाला इंग्लंडला लाजवायचे होते, दुसऱ्याला सरहद्दीवर मोकळे हात हवे होते. ज्या आफ्रिदींच्या शरीरावर हा सारा वाद चालला होता, त्यांच्या वतीने बोलणारे तिथे कोणी नव्हते.

२७/
हा इतिहास आपल्यापासून दूर नाही. पुण्याच्या खडकीतील दारूगोळा कारखाना १८६९ पासून काडतुसे बनवतो; .३०३ च्या काडतुसांच्या बुडावरचा ‘के एफ’ हा शिक्का तिथलाच. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यात लहान शस्त्रांचा दारूगोळा तयार होतो. आणि इन्सास रायफलबद्दलचे ‘५.५६ ची गोळी मारण्यासाठी नसून जखमी करण्यासाठीच बनवली आहे’ हे विधान तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेच असेल. १९५७ ची मागणी शिरस्त्राण भेदण्याची होती, हे आपण वर पाहिले. पुढच्या वेळी हे विधान कानी आले, तर एवढेच विचारा : कोणत्या अंतरावर? किती लांबीच्या नळीतून? कोणती गोळी? या तीन प्रश्नांवाचून ते विधान खरेही नाही आणि खोटेही नाही. ते अपूर्ण आहे.

२८/
संग्रहालयातील काचेच्या कपाटापुढे उभे राहिलात की पाटीवर रायफलचे नाव, व्यास आणि साल असते. वेग बहुधा नसतो. लागतानाचा वेग तर कधीच नसतो. कारण तो शस्त्राचा गुण नाही. शस्त्र, हवा, अंतर आणि समोरचे शरीर यांच्यातील तो प्रसंग आहे. इतिहासकाराने वस्तूंबरोबर असे प्रसंगही वाचायला हवेत. ते वाचले असते तर ‘मानवतावादी गोळी’ आणि ‘रानटी शत्रू’ हे दोन्ही शब्दप्रयोग शंभर वर्षांपूर्वीच गळून पडले असते.

२९/
तीन ग्रॅमच्या एका शेतशिकारी गोळीने मला हे शिकवले. चित्रालची तक्रार किंवा हेगमधील भाषणे तुम्ही वेगळ्या रीतीने वाचत असाल, तर खाली अवश्य लिहा; मतभेदाचे स्वागत आहे. पुढच्या थ्रेडमध्ये तिराहच्या मोहिमेकडे आफ्रिदींच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न करीन.

(समाप्त)